माझ्या भेगेवरची काच

मित्रांनो, मी एक जुनं चर्च आहे. जुनं म्हणजे किती, असं विचाराल तर समोरची ती टेकडी बघा. ती माझ्या गुडघ्याएवढी होती तेव्हापासून मी तिला ओळखतो! खोटं वाटतं? मग पुढचं ऐकाच.

मला बांधणारा गवंडी इतका उंच होता की त्याला शिडी लागतच नसे. एकदा खाली वाकताना त्याचा चष्मा कालवलेल्या चुन्यात पडला आणि चुन्याबरोबर थेट माझ्या भिंतीत गेला. तेव्हापासून मला लांबचं अगदी स्वच्छ दिसतं. मनोऱ्यात घंटा चढली, तो दिवस तर काय सांगू! पहिला टोला पडला आणि बाजारातल्या दूधवाल्याच्या कॅनमध्ये आपोआप लोणी तरंगलं.

माझ्या आत किती लग्नं लागली, किती बाळांचा बाप्तिस्मा झाला! डोक्यावर पाणी पडलं की रडायची. एका पुरात अख्खं गाव माझ्या बाकांवर झोपलं होतं. बेकरीवाल्याची आजी अशी काही घोरली की पायरीपर्यंत आलेलं पाणी घाबरून मागे सरलं. लोक म्हणायचे, "चर्च आहे म्हणून आपण आहोत." ऐकून माझा मनोरा वीतभर उंच व्हायचा.

पुढे गावाबाहेरून मोठा रस्ता गेला आणि त्या रस्त्याने तरुण माणसंही गेली. बाक ओस पडले. छपराच्या पन्हळीत पाला साचला, पाणी भिंतीत मुरलं आणि मनोऱ्याखाली चांगली हातभर भेग पडली.

पाळकसाहेबांनी, म्हणजे माझ्या धर्मगुरूंनी, पन्हळ बदलून घेतली आणि इंजिनिअरला बोलावलं. त्याने भेगेवर आडवी, बोटभर रुंदीची काचेची पट्टी ठेवली आणि तिची दोन्ही टोकं सिमेंटने पक्की केली.

"भिंत अजून सरकत असेल तर ही काच तडकेल," तो म्हणाला. "तडकली, तर मनोरा उतरवावा लागेल. मनोऱ्याबरोबर पुढची भिंतही. मग चर्च कसलं उरतंय!"

झालं! गावाने धसकाच घेतला. घंटेला गोधडी गुंडाळली. ऑर्गनच्या जाड सुरांना बंदी आली. घंटा वाजवणारे काका शिंक आली की नाक धरून रस्त्यापर्यंत पळायचे. एका लग्नात नवरदेव "हो" इतकं हळू म्हणाला की नवरी भडकली.

"काय? जरा मोठ्याने बोला की! जन्मभर असंच पुटपुटणार आहात का?"

"शूऽऽ! काच!" पाळकसाहेब कळवळले.

घंटा वाजवणाऱ्या काकांची बायको मला झाडायची, पुसायची. तिला सगळे चकचकमावशी म्हणत. चमकू शकेल अशी वस्तू दिसली की तिचा हात शिवशिवलाच. कड्या, दिवे, एकदा तर तिने एका पाहुण्याचं टक्कलही पुसायला घेतलं होतं. इंजिनिअर तपासायला येणार त्या सकाळी तिची नजर काचेवर गेली.

"अगं बाई, साहेब येणार आणि ही अशी मळकी?"

तिने फडकं ओलं केलं, अंगठ्याने जोर लावला आणि... कट्ट!

इंजिनिअर आला. तडा बघून त्याचा चेहराच उतरला. "वाईट वाटतं, पण मनोरा उतरवावा लागेल."

तेवढ्यात दारात जमलेल्या गर्दीतून मावशी पुढे आली.

"साहेब, भिंत नाही हलली. काच मी मोडली. पुसताना."

"मावशी, चर्च वाचवायचं म्हणून तुम्ही असं बोलणारच."

"अहो, मी आजवर काचा फोडल्यात, थापा नाही मारल्या!"

"खरं आहे, साहेब," काका मागून म्हणाले. "आमच्या घरी एक आरसा धड नाही. मी दाढी शेजाऱ्याकडे करतो."

इंजिनिअरला हसू आवरेना. मग त्याने नवी काच काढून भेगेवर बसवली. "सिमेंट सुकू दे. रविवारी बघू. पण आता कुजबुज नको. सगळं गाव आत हवं, घंटा हवी, ऑर्गन हवा. तेवढा भार आणि हादरा भिंतीने सोसला, तर मनोरा राहील."

मित्रांनो, तो रविवार! मोठ्या रस्त्याने गेलेले सगळे त्याच रस्त्याने परत आले. बाक पुरेनात, पोरं खिडक्यांत बसली. मावशी काचेसमोर उभी होती आणि तिचं फडकं काकांनी आधीच खिशात कोंबलं होतं. गोधडी निघाली. ठणाऽऽण! छपरातली धूळ पाळकसाहेबांच्या डोक्यावर आली. ऑर्गनचा सर्वांत जाड सूर निघाला आणि माझ्या तळघरातले उंदीर ताल धरून नाचले. गाव गायला लागलं.

"अजून जोरात!" इंजिनिअर ओरडला. "पाय आपटा!"

धाड धाड धाड! मी दगडाला दगड घट्ट धरला. मनोऱ्यावरच्या कबुतरांनीही मला पंखांनी कवटाळलं. शप्पथ!

सगळं थांबलं. इंजिनिअरने काचेवरून नख फिरवलं, एकदा इकडून, एकदा तिकडून.

"शाबूत!"

मावशी मटकन खाली बसली आणि रडता रडता हसायला लागली. काकांनी इतकी जोरात शिंक दिली की दोन मेणबत्त्या विझल्या, आणि त्यांना बाहेर जा म्हणायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

मित्रांनो, कुजबुजीच्या त्या दिवसांत गावाने मला फार जपलं, पण तेव्हा मी जितका एकटा होतो, तितका ओस पडलो होतो तेव्हाही नव्हतो. तुमच्या गावातही एखादी म्हातारी इमारत असेल. तिची पन्हळ साफ ठेवा, छप्पर गळतंय का बघा. पण तेवढ्यावर थांबू नका. दार उघडा, आत जा आणि छातीत मावेल तेवढी हवा भरून एक हाक मारा.

मग बघा, ती तुम्हाला चारी भिंतींनी ओ देते की नाही!