टिकला, फुली आणि आमचा बोरा

आमच्या गावात लग्नं नाटकात जमतात. रंगमंचावरची नव्हे, समोर बसलेल्यांची. दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटकं सुरू झाली की गावोगावचे पाहुणे येतात, बसायला पोत्याचे बोरे अंथरतात आणि नाटक पाहता पाहता पोरगा-पोरगी एकमेकांना नीट पाहून घेतात. दोन घरांचे बोरे शेजारी पडले की समजायचं, सोयरीक जुळली. त्यामुळे यंदा नाटकाची परवानगी अडली तेव्हा आमच्या घरची सोयरीकही अडली. माझी नणंद पुनम हिला पाहायला सिंदेवाहीचे पाहुणे नाटकालाच येणार होते.

पुनमनं आधीची दोन स्थळं नाकारली होती. "वहिनी, काईबी इचारलं का पोरगा आधी मामाच्या तोंडाकडे पाह्यते. मले का मामासंग संसार करायचा हाये?" मला तिचं पटायचं. म्हणून तर तिची बाजू घेतल्याबद्दल सासूबाईंची बोलणी मी खाल्ली.

आमचं गाव गडचिरोलीच्या पार आतल्या भागातलं. गोळीबार ऐकून आता बरीच वर्षं झाली, पण नियम तो नियम. एवढी गर्दी जमवायची तर गडबड झाल्यावर गावातले सगळे सुखरूप एका जागी कसे जमतील, ते आधी करून दाखवा. त्यासाठी वरून नकाशा आला. दाराएवढा फ्लेक्स पंचायतीच्या भिंतीवर लागला आणि गावाला तो समजावायचं काम पंचायत सदस्य म्हणून माझ्या गळ्यात पडलं. समजावते काय, कपाळ! निळ्या रेघा, हिरव्या रेघा, कोपऱ्यात मुंगीएवढी अक्षरं, आणि मधोमध थाळीएवढा लाल टिकला. त्याखाली लिहिलेलं, 'आपण येथे आहात'.

पहिल्या सरावाचा भोंगा वाजला आणि अख्खं गाव पंचायतीसमोर येऊन उभं राहिलं. जायचं होतं शाळेच्या मैदानावर.

"अरे, इथी काऊन आले सगळे?" मी ओरडले.

"टिकला इथलाच हाये न बाई," आमच्या गल्लीतले दादाजी भाऊ शांतपणे म्हणाले. "सरकार एवढा मोठा टिकला उगाच काहाले काढन?"

सराव पाहायला आलेले पोलीस अधिकारी अश्वजित साहेब नाटकमंडळ्यांच्या वडशाचे, स्वतः नाटकवेडे. त्यांनी हसू दाबलं, पण परवानगीच्या कागदावर सही केली नाही. "उद्या नाटकाच्या दिवशी पुन्हा पाहू. जमलं नाही तर माझा इलाज नाही, बाई."

मग मी डोकं चालवलं. नाटकाचा मांडव शाळेच्या मैदानावरच घातला होता. लोक एरवीही जागा धरायला सकाळीच बोरे टाकून येतात. मी घरोघर सांगितलं, बोरा टाकून घरी या, भोंगा वाजला की आपल्या बोऱ्यावर जाऊन बसा. जो येणार नाही त्याची जागा गेली! जागा जाणं म्हणजे आमच्याकडे मोठं संकट.

दुसऱ्या दिवशी भोंगा वाजला आणि काय सांगू, पटापट मैदान भरलं. मी ऐटीत साहेबांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा मात्र उतरलेला.

"बाई, सगळे मोठ्या रस्त्यानं आले. पोलीस मदत केंद्रासमोरून. गोळी चालली तर पहिली तिथंच चालेल. नकाशात त्या रस्त्यावर फुली मारली आहे, कोणीच पाहिली नाही?"

"सायेब, तो रस्ता जवळचा पडते!" माझा पारा चढला, पण बोलणं माझंच लंगडं होतं. परवानगी गेली, पाहुणे गेले, सगळंच गेलं असं वाटून मला रडू यायला लागलं. तेवढ्यात पुनमनं माझा हात धरला. आमचा बोरा रिकामा होता.

"वहिनी, माय कुठी हाये?"

माय म्हणजे माझ्या सासूबाई गुणाबाई आल्याच नव्हत्या. पुनम घराकडे पळणार तोच तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, तिघं दिसले. पुढे लंगडत, बडबडत आमच्या सासूबाई. त्यांचं कोपर धरून एक उंच पोरगा. मागे धापा टाकणारा एक जाडजूड गृहस्थ.

"पाहुणे सकाळीच आले, त्यायले चहा नाई पाजू का?" सासूबाईंनी लांबूनच सुनावलं. "अन् या पोरानं मले सरळ रस्त्यानं येऊच देलं नाई! पाळीवरून फिरवलं, गुडघे गेले माये!"

साहेब पुढे झाले. "पाळीवरून का आलास रे?"

पोरगा म्हणजे आदेश, पुनमला पाहायला आलेला. "सायेब, भोंगा वाजून राह्यला होता, गावात कोणी दिसे नाई. खरं का खोटं मले काय मालूम? पंचायतीजवळ नकाशा दिसला. मोठ्या रस्त्यावर फुली होती, हिरवी रेघ पाळीवरून होती."

"मी म्हनलं होतं याले, सरळ चाल," मागून त्याचे मामा धापा टाकत म्हणाले.

पुनम पुढे सरकली. सगळ्या गावादेखत तिनं विचारलं, "मंग मामाचं काऊन नाई आयकलं?"

"मामा म्हन्ते म्हनून या मायले गोळीसमोर नेऊ का?"

मला तो पोरगा तिथल्या तिथं आवडला. खरं सांगते, नकाशाही थोडा आवडला. आम्हाला गाव पाठ, म्हणून आम्ही तो कधी वाचलाच नव्हता.

साहेबांचा चेहरा खुलला. "गाव न पाहिलेला माणूस म्हातारीला घेऊन बरोबर येतो, मग तुम्हाला काय झालं? चला, सगळे घरी जा आणि याच्यामागून पाळीवरून या."

गाव हसत खिदळत परत गेलं आणि आदेशच्या मागे रांगेनं पाळीवरून आलं. दादाजी भाऊ तर नाटकातल्या राजासारखे चालत होते. साहेबांनी माझ्याच पाठीवर कागद ठेवून सही केली.

मामा घाम पुसत आमच्या बोऱ्याशेजारी टेकायला लागले. पुनमनं पाहुण्यांसाठी घरून आणलेला बगलेतला बोरा काढला आणि आमच्या बोऱ्याला अगदी लागून झटकून अंथरला.

"मामा, तुमी जरा तिकडं सरका."

आदेशनं मामाकडे पाहिलं नाही. चपला काढल्या आणि बसला.