तेवीस मतांचा मसुदा

विश्वनाथ गद्रे आयुष्यात एकही निवडणूक हरले नव्हते, कारण ते स्वतः कधी उभेच राहिले नव्हते. ते दुसऱ्यांना उभं करत आणि निवडून आणत. आर. के. पुरमच्या मराठी मंडळाचे ते एकोणीस वर्षं चिटणीस. गणेशोत्सवातल्या एकांकिकेचं प्रेक्षक-पसंतीचं बक्षीस असो की हळदीकुंकवाच्या रांगोळीचा पहिला नंबर, हात वर करणारी माणसं लागली की गद्रे ती आणत. ह्यात काही लबाडी आहे असं त्यांच्याच काय, कुणाच्याच मनात कधी आलं नाही. रांगोळी चांगली असतेच. ती चांगली आहे हे लोकांना वेळेवर कळवावं लागतं, एवढंच. मंत्रालयात सदतीस वर्षं काढून ते ह्याच निष्कर्षाला आले होते की जगात गुणांची वाण नाही, वाण आहे ती शिफारशीची.

२००४ सालच्या डिसेंबरात त्यांच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते. इंदिरापुरमला सोसायटीतला फ्लॅट तयार होत होता. म्हणजे नकाशात तयार होता आणि जागेवर खांब उभे होते. दिल्लीतले सगळे सरकारी नोकर त्या काळात असेच एक पाय क्वार्टरमध्ये आणि दुसरा कुठल्यातरी ब्रोशरमध्ये ठेवून उभे असत.

मुलगी संपदा तेवीस वर्षांची. एम. कॉम. झालेली. तिनं बँकेच्या परीक्षा द्याव्यात असं घरात ठरलं होतं, म्हणजे गद्र्यांनी ठरवलं होतं. ती रोज पहाटे पाचला उठून अभ्यासाला बसते ह्याचं त्यांना फार कौतुक. ती उठून इंटरनेट लावते आणि चित्रं काढते, हे त्यांना सहा महिन्यांनी कळलं, तेही टेलिफोनच्या बिलावरून.

चित्रं कागदावर नव्हतीच. नेहरू प्लेसहून आणलेली एक काळी पाटी, तिच्यावर चालणारी बिनशाईची लेखणी, आणि रेघ उमटायची ती समोर स्क्रीनवर. ती चित्रं ती ‘नाइन्थ लेयर’ नावाच्या एका वेबसाइटवर लावी. तिथे जगभरचे चित्रकार एकमेकांची चित्रं बघत आणि एकमेकांच्या चुका काढत. खरी नावं कुणी सांगत नसे. तिथला सगळ्यांत जाणता माणूस स्वतःला ‘ग्रे हेरॉन’ म्हणवी. तो फिनलंडचा होता एवढंच संपदाला माहीत होतं. दोन वर्षं तो तिच्या प्रत्येक चित्रावर लाल रेघांनी दुरुस्त्या करून देत होता.

गद्र्यांनी हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्यांचा चहा निवला.

“हा माणूस तुझ्या चित्रावर रेघोट्या मारतो आणि तू त्याला थँक यू म्हणतेस?”

“बाबा, तुमच्या फाइलीवर जॉइंट सेक्रेटरी नाही का लिहीत?”

“ते मार्जिनमध्ये लिहितात.”

तरी हळूहळू त्यांना त्यात रस वाटू लागला. जिथे वरचा माणूस लाल खुणा करतो आणि खालचा आभार मानतो, ती संस्था अगदीच परकी नसावी. लताबाईंनी मात्र आधीपासूनच मुलीची बाजू घेतली होती. “अहो, करू दे ना. कुणाच्या घरात तर जात नाही ती.”

त्या डिसेंबरात वेबसाइटवर स्पर्धा लागली. विषय होता ‘शेवटचा दिवस’. निवडलेल्या एकाला हेरॉन सहा महिने स्वतः शिकवणार होता. त्याच्या आधीच्या दोन शागिर्दांना परदेशी व्हिडिओ गेमच्या कंपनीत काम मिळालं होतं, घरबसल्या, चित्रं काढण्याचं. संपदानं तीन आठवडे खपून चित्र लावलं आणि बापाला पहिल्यांदा स्वतःहून सांगितलं, “बाबा, हे झालं ना, तर मी बँकेच्या परीक्षा देणार नाही. नाही झालं, तर जूनमध्ये देईन. प्रॉमिस.”

“ठीक आहे,” गद्रे म्हणाले. खरं तर त्यांना ती हरायला हवी होती. पण मुलगी स्पर्धेत आहे म्हटल्यावर त्यांच्यातला चिटणीस बापाच्या आधी जागा झाला.

चित्र त्यांनी पाहिलं, पण ते फाइल पाहत तसं, म्हणजे खाली काय लिहिलंय ते आधी. आपल्याच क्वार्टरची बैठकीची खोली होती, रिकामी. भिंतीवर तसबिरींच्या जागी फिकट चौकोन. खाली आकडा होता: संपदा दुसरी, पहिलीहून एकोणीस मतांनी मागे, मुदत रविवार संध्याकाळ.

“एकोणीस!” गद्रे लताबाईंना स्वयंपाकघरात जाऊन म्हणाले. “एकोणीस माणसं तर आपल्या कोजागिरीला नुसती भांडी घासायला असतात.”

“तिला विचारा आधी.”

“तिला सरप्राइज देऊ.”

रविवारी सकाळी अकरा वाजता सरोजिनी नगर मार्केटमधल्या सायबर कॅफेत मराठी मंडळाचे तेवीस सभासद हजर झाले. थंडीचे दिवस, सगळे मफलर गुंडाळून. काहींनी येता येता भाजी घेतली होती. गद्र्यांनी सहा कॉम्प्युटर तासभरासाठी घेतले, लोकांना रांगेत उभं केलं आणि प्रत्येकाच्या हातात एक छापील चिठ्ठी दिली. खातं कसं उघडायचं, मत कुठे द्यायचं आणि मताखाली काय लिहायचं, सगळं क्रमवार. अभिप्रायाचा मसुदा त्यांनी स्वतः केला होता, सरकारी इंग्रजीत: ‘आदरणीय महोदय, उपरोक्त चित्राचं काळजीपूर्वक अवलोकन केलं असता ते सर्वतोपरी योग्य आढळून आलं. अनुकूल विचार व्हावा, ही विनंती.’

“गद्रेसाहेब, नाव काय टाकू?” हरीश पेंडसे नावाच्या निवृत्त ऑडिटरांनी विचारलं.

“काहीही टाका. तिथे खरी नावं नसतात.”

“मग पेंडसे-एक टाकतो. आमच्या हिचं पेंडसे-दोन.”

रांगेत तळमजल्यावरच्या कमलाबाई वासनिक होत्या. मूळच्या भंडाऱ्याच्या, कृषी खात्यात टायपिस्ट म्हणून तीस वर्षं काढलेल्या. दहाही बोटांनी टाइप करणाऱ्या त्या खोलीत एकट्याच. त्यांनी चिठ्ठी वाचली, मग चष्मा पुसून चित्र पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“कमलाताई, मागे लोक खोळंबलेत.”

“मसुद्यात चूक नाही भाऊ,” त्या म्हणाल्या, “पण ह्यात चित्र कुठं आहे?”

“चित्र वर आहे ना. खाली फक्त शिफारस.”

“मी माझं लिहिते.” आणि त्यांनी इंग्रजी अक्षरांत मराठी भराभर टाइप करून टाकलं. गद्र्यांनी ते वाचलं नाही. बावीस मसुद्याप्रमाणे आणि एक मसुदाबाह्य, अशी त्यांनी मनात नोंद केली. पाऊण तासात संपदा चार मतांनी पुढे गेली. सगळ्यांनी बाहेर उभं राहून आलू-चाट खाल्लं. निवडणूक चोख झाल्यावर पोटात जी ऊब येते ती गद्र्यांना निवृत्तीआधी एकदा पुन्हा मिळाली.

सोमवारी पहाटे साडेपाचला संपदानं कॉम्प्युटर लावला. सहा वाजता गद्रे चहा घेऊन आले तेव्हा ती हात मांडीवर ठेवून बसली होती.

“बाबा, ‘अनुकूल विचार व्हावा’ हे तुमचं आहे ना?”

ते हसले. “कसं ओळखलंस?”

तिनं खुर्ची बाजूला सरकवली. स्क्रीनवर पत्र होतं. पंचेचाळीस मिनिटांत तेवीस नवी खाती, सगळी एकाच ठिकाणाहून उघडलेली, बावीस अभिप्राय शब्दशः एक. एकाच माणसानं खोटी खाती उघडून स्वतःला मतं दिली असा आमचा समज झाला आहे. चित्र स्पर्धेतून काढलं आहे, खातं बंद केलं आहे. सात दिवसांत खुलासा करावा.

“पण खोटी कुठे आहेत?” गद्रे म्हणाले. “पेंडसे आहेत, गुणवंतराव आहेत, सगळी जिवंत माणसं आहेत. रेशनकार्डं दाखवतो!”

“बाबा, तिथे मला कुणी ओळखत नव्हतं.” ती शांतपणे बोलत होती, आरडाओरडा केला असता तर गद्र्यांना बरं वाटलं असतं. “दोन वर्षं. मी मुलगी आहे का मुलगा, दिल्लीची का कुठली, गद्र्यांची का कुणाची. काहीच नाही. तेच मला आवडायचं.”

“मी खुलासा देतो. चूक माझी आहे.”

“प्लीज. तुम्ही काही करू नका. मी बघते.”

तिनं पाहिलंही. तिनं हेरॉनला वेगळा ई-मेल लिहिला, दोन दिवसांनी त्याचं उत्तर आलं: तुझ्या वडिलांची गोष्ट मला खरी वाटते, इतकी विचित्र गोष्ट कुणी रचणार नाही. मी इतरांशी बोलतो, थोडा धीर धर. हे तिनं आईला सांगितलं. आईनं ते गद्र्यांना सांगायचं नाही असं ठरलं, कारण सांगितलं तर ते काहीतरी करतील.

न सांगितल्यामुळे त्यांनी ते केलं. सातातले पाच दिवस गेले, मुलगी काही बोलत नाही, फाइल हलत नाही. सदतीस वर्षांत एकाही खुलाशाची मुदत त्यांनी उलटू दिली नव्हती. शिवाय नियम असा की ज्याची चूक, खुलासा त्याच्याच सहीचा. सहाव्या दिवशी ऑफिसातून अर्धी रजा टाकून ते त्याच कॅफेत, त्याच कॉम्प्युटरवर बसले. लिहायला खातं लागतं, म्हणून त्यांनी एक खातं उघडलं, आणि जाहीर पानावर सात परिच्छेदांचा खुलासा चढवला: उपरोक्त मतं अधोस्वाक्षरीकारानं सभासदांना प्रवृत्त करून टाकवली असून उमेदवाराचा त्यात काडीमात्र संबंध नाही. सोबत तेवीस सभासदांची यादी, अनुक्रमांकासह.

दुसऱ्या दिवशी निकाल आला. त्याच ठिकाणाहून चोविसावं खातं. त्याच भाषेत. खातं कायमचं बंद. हेरॉनची एक ओळ वेगळी आली होती: माफ कर, आता माझं कुणी ऐकत नाही.

संपदानं काळी पाटी तिच्या मूळ खोक्यात घातली. खोकं तिनं जपून ठेवलं होतं हे गद्र्यांना तेव्हा कळलं. जूनमध्ये तिनं बँकेची परीक्षा दिली, शब्द दिल्याप्रमाणे. नापास झाली, ते शब्दात धरलेलं नव्हतं.

इंदिरापुरमचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर मिळाला. संपदाला नोएडात नोकरी लागली. एका ऑफिसात दोनशे पोरंपोरी परदेशी दुकानांच्या मालाचे फोटो कॉम्प्युटरवर साफ करत. मागची भिंत, टेबल, सावली पुसून माल तेवढा पांढऱ्यावर ठेवायचा. संपदाकडे पादत्राणं होती. दिवसाला एकशे चाळीस. शेजारी विचारत तेव्हा गद्रे सांगत, “ग्राफिक्समध्ये आहे.” सांगताना ते दुसरीकडे बघत.

आठ वर्षं गेली. सोसायटीत नवं मराठी मंडळ निघालं, त्यांनी गद्र्यांना सल्लागार केलं. स्मरणिका काढायची ठरली.

“संपदा, मुखपृष्ठ तू काढ ना. छोटंसं.”

“बाबा, कुणालातरी द्या दुसऱ्याला. मला आता पुसताच येतं.” ती हसून म्हणाली आणि डबा घेऊन ऑफिसला गेली.

त्या दुपारी लताबाई झोपल्या होत्या. गद्र्यांनी कॉम्प्युटर लावला. आता तो त्यांच्या सरावाचा झाला होता. ‘नाइन्थ लेयर’ शोधायला वेळ लागला. वेबसाइट बंद पडल्यातच जमा होती, पण जुनी पानं वाचायला ठेवली होती. डिसेंबर २००४. सर्वांत वर स्पर्धेचे नियम. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच ते वाचले. नियम चौथा: सभासदांची मतं केवळ उत्साहासाठी आहेत, निवड ग्रे हेरॉन करतील.

त्यांनी तो दोनदा वाचला. सदतीस वर्षं दुसऱ्यांना नियम चौथा दाखवणारा माणूस.

खाली चित्र होतं. त्याखाली एकाखाली एक ‘उपरोक्त चित्राचं काळजीपूर्वक अवलोकन केलं असता’. पेंडसे-एक. पेंडसे-दोन. मग इंग्रजी अक्षरांतली ती एकुलती मराठी. त्यांनी बोट ठेवून अक्षरं जुळवली:

‘पोरी, खुर्चीवर कोणी नाही तरी बसल्यासारखं वाटते. स्वेटर ठेवून माणूस पाणी प्यायला गेला असंल. बाबाची आहे ना? त्यांना दाखवलंस का?’

त्याखाली हेरॉननं विचारलं होतं: ‘ह्यात काय लिहिलं आहे, कुणी सांगेल का?’ त्याखाली कुणी काही लिहिलेलं नव्हतं. लिहायची जागा आता कायमची बंद होती.

गद्र्यांनी मग चित्र पाहिलं.

खोलीच्या कोपऱ्यात, खिडकीपाशी, सरकारी खुर्ची होती. पाठीवर पांढऱ्या रंगात नंबर घातलेली, क्वार्टर सोडताना मोजून परत केलेली. ते रोज ऑफिसातून आल्यावर तिच्यात बसून बूट काढत. खुर्चीच्या पाठीवर त्यांचा बिनबाह्यांचा स्वेटर होता, लताबाईंनी विणलेला, एका खांद्याला उसवलेला. उसवलेला भागही होता. खोलीतलं सगळं सामान गेलं होतं, फिकट चौकोन राहिले होते, आणि हा स्वेटर.

मग त्यांना काहीतरी खटकलं.

साडेसातला संपदा आली. तिनं चपला काढून सरळ रेषेत ठेवल्या, कामाची सवय.

“तो स्वेटर हिरवा होता,” गद्रे म्हणाले. “बाटलीसारखा हिरवा. तू काळपट केलास.”

ती थांबली. कुठला स्वेटर, असं तिनं विचारलं नाही. खांद्यावरची बॅग तशीच होती.

“संध्याकाळ होती बाबा,” ती म्हणाली. “संध्याकाळी तो तसाच दिसायचा.”

“असं?”

“हो.” आणि ती हात धुवायला गेली.

दुसऱ्या दिवशी गद्र्यांनी लताबाईंकडून लोखंडी पेटीची किल्ली मागून घेतली. पेटीच्या तळाशी तो होता, डांबरगोळ्यांच्या वासाचा. त्यांनी तो बाल्कनीतल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि आत येऊन बसले. दुपारी हिरवा होता. पाच वाजता हिरवा होता. समोरच्या टॉवरमागे सूर्य गेला तेव्हा ते उठून दाराशी गेले आणि तिथूनच पाहत राहिले.

काळपटच दिसत होता.