संध्याकाळचा अर्धा तास

सूनबाईने मिक्सरला बांधलेली चिठ्ठी वाचली आणि समोर उभ्या असलेल्या बाईंना दिसायच्या आत मुठीत दाबली. चिठ्ठीवर सासऱ्यांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, 'समोरच्या संशयी बाई. उघडून दाखवल्याशिवाय नेणार नाहीत.'

"काय लिहिलंय?" बाईंनी विचारलंच.

"तुमचं नाव."

"एवढं लांबलचक?"

गिऱ्हाइकांची नावं लिहिणं तिच्या सासऱ्यांना, म्हणजे हवालदारांना, कधी पटलं नाही. नाव काय, कुणीही सांगतो, माणूस ओळखता आला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. लष्करात बावीस वर्षं वायरलेस दुरुस्त करून ते घरी आले आणि आठव्या दिवशी हे दुरुस्तीचं दुकान थाटून बसले. हुद्दा मागे राहिला नाही, बाजाराने तोच नाव म्हणून चालवला. सकाळी आठ म्हणजे आठ. पकडी आणि पेचकस उंचीप्रमाणे रांगेत. या एका खोलीच्या जोरावर त्यांनी दोन बहिणींची लग्नं केली, धाकट्या भावाला शिकवलं, आणि नात्यातल्या एकाही घरात बंद पंखा टिकू दिला नाही. कुणाच्या लग्नाला गेले तरी जेवायच्या आधी फ्यूज बघून येत.

मुलगा मात्र बल्ब बदलायलाही खोक्यावरच्या सूचना वाचणारा. त्याच्या लग्नात हवालदारांनी सुनेला भेट म्हणून टेस्टर दिला. पाहुणे पोट धरून हसले. तिने तो त्याच आठवड्यात वापरला आणि पुढच्या महिन्यापासून दुकानात बसू लागली.

सहा वर्षं तिने इस्त्र्या, पंखे, मिक्सर खोलले आणि जोडले. शाबासकी एकदाही नाही. रोज संध्याकाळी साडेपाचला तेच वाक्य ऐकू यायचं.

"ठेव तिथं, मी नजर टाकतो. तू घरी जा, पोरगी वाट बघत असेल."

दुरुस्त होऊन गेलेली वस्तू पुन्हा आली, तर ती ते तिला उघडूही देत नसत. हे तिला फार लागायचं. घरी गेल्यावर ती आवाज न करता भांडी घासायची, म्हणजे आपण रागावलो नाही असं दिसावं.

आता त्यांना जाऊन महिना झाला होता, दुकान तेव्हापासून बंदच होतं आणि आज पाच वाजता मोबाइलची कव्हरं विकणारा एक जण दुकानाची किल्ली घ्यायला येणार होता. नवऱ्याने सुचवलं होतं, तिने मान डोलावली होती. खरं तर दुकान चालवायची तिला जिवापाड हौस होती. पण तिच्या हातची एकही वस्तू सासऱ्यांच्या नजरेखालून न जाता दाराबाहेर पडली नव्हती. मागे त्यांची नजर नसताना आपला हात चुकला तर?

"हा तीन वर्षांपूर्वी तूच केला होतास," बाई म्हणाल्या. "तेव्हापासून इतका नीट चालला, की मला शंकाच यायला लागली, म्हणून हवालदार असतानाच आणून टाकला होता. उघड बघू."

तिने मिक्सर उलटा केला आणि बुडाचं झाकण काढलं. आत, चिकटपट्टीखाली, एक पिवळी पडलेली चिठ्ठी होती. ती वाचता वाचता सूनबाई खालीच बसली.

"जळलाय ना? मला माहीतच होतं." बाईंनी चिठ्ठी हातातून ओढून घेतली आणि मोठ्याने वाचली. "'काम सूनबाईंचं. त्या घरी गेल्यावर आजवर नव्व्याण्णव वस्तू उघडून पाहिल्या. ही शंभरावी. चूक सापडली नाही. आजपासून तपासणी बंद. हुकमावरून.' आणि खाली हवालदारांचीच सही. स्वतःच स्वतःला हुकूम?"

तारीख तीन वर्षांपूर्वीची होती.

"पण ते तर शेवटपर्यंत मागे थांबायचे," सूनबाई म्हणाली. "रोज अर्धा तास."

"थांबायचे की. माझी खिडकी समोरच आहे. तू कोपऱ्यावर वळलीस की केरसुणी घ्यायचे. झाडायचे, पुसायचे, तुझी हत्यारं रांगेत लावायचे. मग चष्मा लावून खुर्चीत झोपायचे."

"झोपायचे?"

"घोरायचे! रस्त्यापलीकडे ऐकू यायचं."

सहा वर्षांत आपण हे दुकान एकदाही झाडलेलं नाही, हे सूनबाईच्या आत्ता लक्षात आलं. परत आलेली वस्तू ते का उघडू देत नसत, तेही. आपल्याला वेळेवर घरी धाडण्यासाठी म्हातारा रोज तपासणीचं निमित्त करत होता. तिला एकदम हसू आलं आणि त्या हसण्यातच रडूही आलं. बाईंनी शरमून छताकडे बघितलं.

तेवढ्यात नवरा दारात आला.

"अगं, निघालाय तो. किल्ली काढून ठेवलीस ना?"

"त्याला फोन करा. येऊ नको म्हणावं."

"आणि कारण काय सांगू?"

"दुकान चालू आहे म्हणून सांगा."

त्याने बायकोच्या ओल्या डोळ्यांकडे पाहिलं, उघड्या मिक्सरकडे पाहिलं, आणि सूचना स्पष्ट असल्यामुळे निमूटपणे फोन लावायला बाहेर गेला.

सूनबाईने मोटारीचे झिजलेले कार्बन बदलले, झाकण बसवून स्क्रू आवळले, मिक्सर एकदा फिरवून पाहिला. बाई वाकून शेवटच्या स्क्रूपर्यंत बघत होत्या.

"म्हणजे आता हा दुसरं कुणी तपासणार नाही?"

"नाही," मिक्सर त्यांच्यापुढे सरकवत ती म्हणाली. "तसा हुकूम आहे."