केसाएवढी फट

मित्रांनो, मी एका जुन्या मोटारीच्या इंजिनातला व्हॉल्व्ह आहे. दिसायला मोठ्या खिळ्यासारखा. लांब दांडा आणि त्याच्या टोकाला जुन्या रुपयाएवढं चपटं डोकं. त्या डोक्याची एक कड आता जळून गेली आहे, म्हणून माझ्या हाती काही काम उरलेलं नाही. रिकामपणी माणसं जे करतात तेच मीही करतो. आठवत बसतो.

इंजिनात आम्ही आठ जण होतो. चौघं बाहेरची गार हवा आत घेत आणि चौघं जळलेला धूर बाहेर सोडत. मी धूर सोडणाऱ्यांतला, तिसऱ्या सिलिंडरचा. मला एक लहानसं दार समजा. उघडायचं, धूर जाऊ द्यायचा, मिटायचं. गाडी वेगात असली की मिनिटाला हजारदा.

मला डोळे नाहीत. ज्या रस्त्यांवरून आयुष्य गेलं ते मी कधी पाहिले नाहीत. तरी ते मला ओळखू यायचे. चढ आला की आग जड व्हायची आणि उतारावर श्वास हलका व्हायचा. गाडीत कुणी ओवी म्हणत असलं तर तिची थरथर लोखंडातून माझ्यापर्यंत झिरपत यायची. शब्द कळायचे नाहीत. झोपेत पलीकडच्या खोलीतलं बोलणं ऐकू यावं, तसं ते असायचं.

माझी गाडी आधी इंदापूरच्या एका डॉक्टरांची होती. ते गाव सोडून गेले तेव्हा ती पळसदेवच्या सर्जेरावांनी घेतली. त्यांना सगळे तात्या म्हणत. गावातली ती पहिली मोटार. तिच्यातून नवरदेव मिरवले, अडलेल्या बाया बारामतीला पोचल्या. पुढे उजनीचं पाणी चढू लागलं आणि जुनं गाव बुडणार हे नक्की झालं, तेव्हा तात्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांचे देव्हारे, पाटे-वरवंटे, दारांच्या चौकटी याच गाडीतून नव्या गावठाणात नेल्या. त्या खेपांना गाडीत कुणी बोलत नसे. नंतरच्या उन्हाळ्यांत पाणी उतरलं की जुनं देऊळ वर यायचं. तात्या काठावर गाडी उभी करून ते बघत बसायचे, इंजिन मात्र चालू ठेवायचे. मी सावकाश उघडायचो, सावकाश मिटायचो. पाण्याचा गारवा इंजिनापर्यंत यायचा. माझे सगळ्यात सुखाचे दिवस ते.

आता माझ्या दुखण्याविषयी सांगतो. माझ्या दांड्याच्या वर एक लोखंडी बोट असतं. ते दाबतं तेव्हा मी उघडतो. त्या बोटात आणि माझ्यात केसाएवढी फट ठेवावी लागते, कारण तापल्यावर मी किंचित लांबतो. फट असली की मी पुरता मिटतो, माझ्या बैठकीवर टेकतो आणि टेकलो की निवतो. डोळ्याचं पातं लवेल तेवढाच तो वेळ. पण तीच माझी झोप. त्या फटीमुळे बोट माझ्यावर आपटतं आणि टिकटिक असा आवाज येत राहतो. चांगल्या इंजिनाला तो आवाज असतोच.

अठ्ठ्याऐंशी सालच्या एका सकाळी झाकण निघालं, उजेड आत आला आणि तात्यांच्या हातातला पाना वळला. फट गेली. बोट माझ्या दांड्यावर जे बसलं ते कायमचं. इंजिन गप्प झालं. लोक कौतुक करायचे, "तात्या, गाडी चालू हाय का बंद, कायबी कळत न्हाय." आणि मी आत तापत होतो. टाच उचलून पाटावर बसल्यासारखं माझं झालं होतं, टेकणं म्हणून नव्हतं. मी काय चुकलो होतो? ज्या माणसानं मला इतकी वर्षं जपलं त्यानं असं का केलं, हे मला कळेना. मी मनात तात्यांवर रुसलो. पुढे गाडी कमी फिरू लागली म्हणून मी तगलो. माझी कड आधी पिवळी पडली, मग तडकली, मग तिथून धूर नको तेव्हा निसटू लागला. गाडी दम खाऊ लागली. शेवटी तात्यांनी तिच्यावर खताच्या पोत्यांचं शिवलेलं पांघरूण घातलं.

शहाण्णव साली थंडीत तात्या गेले. महिन्याभरानं त्यांची मुलगी मनिषा हिनं गाडी ट्रॅक्टरला बांधून बारामतीला आणली, कुंडलिक मिस्त्रींच्या गॅरेजात. कुंडलिक म्हणजे तात्यांचे तरुणपणापासूनचे दोस्त. त्यांनी इंजिनाचं हेड उतरवलं, आम्हा आठांना बाहेर काढलं आणि बाभळीच्या एका फळीवरच्या आठ भोकांत ओळीनं उभं केलं. ज्याची जागा त्याला, ही त्यांची रीत. मग मला उचलून त्यांनी उजेडात धरलं.

"मनिषाताई, हे बगा. उंदरानं भाकरी कुरतडल्यागत झालंय."

"एकच असा आहे का, काका?"

"धुराचं चारी वाल गेल्यात. पन ह्या तिसऱ्यानं लई सोसलंय. आठीच्या आठी नवं घालू."

"घाला. फक्त गाडी तात्या चालवायचे तशी चालली पाहिजे. अजिबात आवाज न करता. मला ती तशीच हवी आहे."

कुंडलिकांनी मला परत माझ्या भोकात ठेवलं.

दोन दिवस मी फळीवरून पाहत होतो. हो, पाहत होतो म्हणतो, कारण उजेडात राहिल्यावर आमच्यासारख्यांनाही काही दिसू लागतं. कुंडलिक नव्या व्हॉल्व्हच्या कडेला मळम लावत, रबराची काठी त्याच्या डोक्याला चिकटवत आणि ताक घुसळावं तशी ती दोन्ही तळव्यांत फिरवत. असं घासून घासून व्हॉल्व्ह आणि बैठक एकमेकांना ओळखू लागतात. मग वरून रॉकेल ओतून ते वाट बघत. थेंब पाझरला की पुन्हा घुसळणं. माझ्या जागी आलेला तिसऱ्या वेळी कोरडा राहिला. मला त्याचा हेवा वाटला नाही. काळजी मात्र वाटली.

तिसऱ्या दिवशी दुपारी इंजिन सुरू झालं. टिकटिक, टिकटिक.

मनिषा तिथंच खुर्चीवर बसली होती. ती उठली. "हा आवाज कसला?"

"टॅपेटचा, वालावर बोट आपटतं त्येचा. आसाच पायजे."

"आमच्या गाडीला नव्हता."

"नव्हता."

"मग काढा तो. काका, माझ्याकडे त्यांचं दुसरं काय राहिलंय? घरात पसारा आहे, कागद आहेत, कपडे आहेत. पण त्या गाडीतली ती शांतता म्हणजे मला तात्या वाटतात. तीच नसेल तर मी ही गाडी आणली कशाला?"

कुंडलिकांनी इंजिन बंद केलं आणि फडक्याला हात पुसले. "तात्याचा बी ह्योच हट्ट. घराणंच आडमुठं तुमचं." मग ते बाजूच्या टायरवर टेकले. "अठ्ठ्याऐंशी साली प्रयागवैनीला दर आठवड्याला दवाखान्यात आणत हुता ना तुमी?"

"हो. मी पुढे बसायचे. आई मागे आडवी."

"घरी त्येंचा डोळा लागत नव्हता. गाडी हालली की लागायचा, आन् ह्या टिकटिकीनं मोडायचा. तात्या माज्याकडं आलं, म्हणलं, आवाज बंद कर. मी म्हणलं, वाल जळत्याल. तर म्हणलं, वाल बाजारात मिळतो कुंडलिक, झोप न्हाय मिळत. मी हात लावला न्हाय. मग घरी जाऊन सोताच पाना फिरवला त्यांनी."

"आणि आई गेल्यावर?"

"मी गेलो हुतो की. म्हणलं, आता तरी ढिलं करू या. तात्या म्हणलं, राहू दे. मागच्या सीटकडं बगत हुतं."

मित्रांनो, फळीवर उभ्या उभ्या माझा आठ वर्षांचा रुसवा गेला. माझी झोप कुणाला दिली होती, ते मला तेव्हा कळलं.

मनिषानं विचारलं, "तसंच घट्ट केलं तर हे नवे किती टिकतील?"

"दोन वरसं. कदी कमी बी. गाडी तुमची हाय, ताई. तुमी म्हणाल तसं करतो."

ती गाडीपर्यंत गेली. मागचं दार उघडलं, रिकाम्या सीटवर हात ठेवला, दार लावलं. मग म्हणाली, "फट कशी मोजतात ते दाखवा. तिसऱ्याची मी लावते."

इंजिन निवेपर्यंत दोघांनी चहा घेतला. कुंडलिकांनी तिच्या हातात पोलादाचं पातळ पान दिलं. "ह्ये मधी सरकवा. अडकलं न्हाय पायजे आन् मोकळं बी जायला नको. ओढताना जरा धरून ठेवल्यागत वाटलं पायजे." पहिल्यांदा तिनं फार घट्ट केलं. "दम घ्यायला जागा ठिवा त्येला," कुंडलिक म्हणाले. दुसऱ्यांदा सैल झालं. तिसऱ्यांदा पान हलकेच अडखळत बाहेर आलं आणि तिनं नट आवळला.

इंजिन सुरू झालं. टिकटिक.

"आई असती तर जागी झाली असती," ती म्हणाली.

"झाली असती. आन् पळसदेवपतुर तात्याला बोल लावलं असतं."

"लावले असते," ती म्हणाली आणि हसली. डोळे पुसताना गालावर ऑइलचा पट्टा उमटला, तो तिला कळला नाही.

निघताना कुंडलिकांनी विचारलं, "जुनं वाल नेताय?" तिनं मला हातात घेतलं, जळक्या कडेवरून बोट फिरवलं. क्षणभर वाटलं, नेईल. पण तिनं मला खिडकीत उन्हात ठेवलं. "राहू द्या. दमलाय तो."

गाडी इंदापूरच्या रस्त्याला लागली. इतकी वर्षं मी तिच्या पोटात होतो, तिचा आवाज बाहेरून कसा येतो हे मी पहिल्यांदा ऐकलं. दूर जाईपर्यंत तो एकसारखा होता.

मित्रांनो, तुमच्या घरातही जपण्यासारखं काहीतरी असेल, एखादं यंत्र किंवा एखादं माणूस. त्याचा बारीकसा आवाज येत असला तर त्याला लगेच गप्प करू नका. आणि कधी कुणासाठी करावंच लागलं, तर ती वेळ सरल्यावर आठवणीनं पाना हाती घ्या, त्याची फट त्याला परत द्या.