सगळ्यात कमी आवाजाचं यंत्र

पान्याच्या घरात कुणालाच हळू बोलता येत नाही. घर पहिल्या मजल्यावर, आणि खाली बाबांची पिठाची गिरणी. सकाळी कुलूप उघडलं की जी घरघर सुरू व्हायची ती, मोटारीचा पट्टा निसटला नाही तर, दिवेलागणीलाच थांबायची. तेवढ्या वेळात जेवताना मीठ मागायचं असलं तरी ओरडून मागायचं. पान्याची ताई लग्न होऊन सासरी गेली तेव्हा तिच्या सासूबाईंनी तिला बाजूला घेऊन विचारलं होतं, "तू आमच्यावर चिडलीयेस का गं?" ती बिचारी फक्त चहा टाकू का म्हणून विचारत होती.

पान्या म्हणजे धाकटा. रांगायला लागल्यापासून हातात गिरणीतला पाना, म्हणून पान्या. आता मिशा आल्या, लोकांची वॉशिंग मशीन दुरुस्त करून पोट भरतो, तरी पान्याच.

बाबा गेले. गिरणी विकली. खाली चष्म्याचं दुकान आलं. काचेचं दार, पांढरे दिवे, आत एक मुलगी मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेली. आता चष्म्याच्या दुकानाचा आवाज तो काय येणार? पापण्या मिटल्याचा?

त्याच सुमाराला समोरचा रस्ता रुंद झाला. ट्रक, खडी, धूर, धूळ. आईची छाती जन्मभर पीठ खाऊन आधीच नाजूक, त्यात ही भर. श्वास घेतला की आतून शिटी वाजायची. डॉक्टरांनी नळीत फुंकायला लावलं. काटा जागचा हलेना.

"बाहेरची हवा घरात येता कामा नये," डॉक्टर म्हणाले. "खिडक्या बंद. आत हवा साफ करायचं यंत्र लावा. महिनाभर बघू. फरक पडला तर ठीक, नाहीतर यांना इथून हलवा."

हलवा म्हणजे ताईकडे. ताईचं घर लांब, डोंगराच्या बाजूला, हवा अगदी धुतल्यासारखी. ताईनं फोनवर सांगूनच टाकलं, "आई, तू बॅग भरायला घे. महिन्यानं मी येतेच आहे." आई हो म्हणाली. एक स्वेटर काढून बॅगेत ठेवला. दुसऱ्या दिवशी पान्यानं बघितलं तर स्वेटर परत कपाटात, होता त्याच कप्प्यात.

पान्याला काय कळायचं ते कळलं. आता सगळा भार यंत्रावर.

मग यंत्र निवडायचा कार्यक्रम सुरू झाला. पान्या दुकानात, ताई फोनवर.

"एक पाण्याचे फवारे सोडतं," पान्या म्हणाला. "एक वास सोडतं. एकात निळा दिवा आहे."

"निळ्या दिव्यानं काय होतं?"

"दिवा लागतो."

"चेष्टा करू नकोस रे!"

"अगं ताई, सगळ्यांच्या आत गोष्ट एकच. कागदाच्या बारीक घड्या, आणि त्यातून हवा ओढणारा पंखा. घड्या नीट हव्यात, पंख्यात खोलीएवढा दम हवा. बाकी सगळा नट्टापट्टा."

"ते तू बघ. मला एकच सांग, आवाज किती? आईची झोप पार उडालीय. बाबा गेल्यापासून ती धड झोपतच नाही. सगळ्यात कमी आवाजाचं घे."

शोरूमवाला पान्याच्या ओळखीचा. त्याच्याकडची बिघडलेली मशीन पान्याच दुरुस्त करायचा. त्यानं एक पांढरं, गोल, मडक्याएवढं यंत्र पुढे केलं. "हे बघ. चालू आहे का बंद ते हात लावून बघावं लागतं."

पान्या खूश. ताई खूश. यंत्र आईच्या खाटेशेजारी बसलं. पान्यानं धूळ मोजायचं एक चिमुकलं यंत्रही आणलं होतं, हवा खराब असली की लाल, बरी असली की हिरवं. संध्याकाळी खिडक्या लावल्या, थोड्या वेळात हिरवं. पान्यानं फोटो काढून ताईला पाठवला. ताईनं टाळ्यांचं चित्र पाठवलं.

दुसऱ्या दिवशी कामावरून आला तर लाल.

परत हिरवं झालं. पुढच्या दिवशी परत लाल. रोज तेच. सकाळी हिरवं सोडून जावं, संध्याकाळी लाल बघावं. पान्यानं दाराच्या फटीत पट्ट्या चिकटवल्या. स्वयंपाकघराची झडप बंद केली. यंत्र उघडून बघितलं तर घड्या काळ्याकुट्ट, वर्षभर वापरल्यासारख्या. आई खाटेवर बसून त्याची धडपड बघत होती.

"बिघडलंय का रे ते?"

"मलाही तसंच वाटतंय."

"बिचारं," आई म्हणाली, आणि उगाच दुसरीकडे बघायला लागली.

पान्याचं टाळकं सटकलं. भर दुपारी काम टाकून तो शोरूमवाल्याकडे गेला आणि गिऱ्हाइकांसमोरच त्याची हजेरी घेतली. त्याचा घरचा आवाज बाहेर लागला की रस्त्यापलीकडची माणसं वळून बघतात.

"अरे ओरडतोस काय!" शोरूमवाला म्हणाला. "चल, आत्ताच्या आत्ता चल. तुझ्या घरी जाऊन बघू. यंत्र खराब निघालं तर मी दुकानाची पाटी उतरवतो."

दोघं जिना चढून वर आले. पान्यानं दार ढकललं.

खिडकी सताड उघडी. बाहेर ट्रकांची रांग, भोंगे, खडी ओतल्याचा धडधडाट. धुळीचा लोट सरळ आत. खाटेवर खिडकीकडे उशी केलेली, आणि आई, तोंडावर पदर घेऊन, चक्क गाढ झोपलेली. शेजारी चिमुकलं यंत्र लाल, आणि ते पांढरं मडकं बिचारं जीव तोडून हवा ओढत होतं.

शोरूमवाल्यानं हळूच पान्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मित्रा, हे घराची हवा साफ करतं. गावाची नाही."

पान्यानं पुढे होऊन खिडकी लावली. गोंगाट थांबला, आणि आईनं डोळे उघडले.

"आई! मी तिकडे या माणसाची इज्जत काढून आलो!"

आई उठून बसली. चोरी पकडल्यासारखा चेहरा. शोरूमवाल्याला म्हणाली, "बसा ना. चहा टाकते."

"चहा राहू दे. खिडकी का उघडतेस? रोज उघडतेस? तुला माहितीय ना, महिन्यानं ताई..."

"माहितीय."

"मग?"

आईनं पदराची घडी केली, मोडली. "झोप लागत नाही रे बंद खिडकीत. खालून आवाज नाही. तुझं ते यंत्र, त्याचा आवाज नाही. घर इतकं गप्प होतं की मला माझ्याच छातीची शिटी ऐकू येते. मग तीच ऐकत बसते. आता थांबते की काय, आता थांबते की काय."

शोरूमवाला वाकला आणि त्यानं यंत्राचं बटण फिरवून पार शेवटाला नेलं. "काकू, हे बघा. आवाज हवा तर याचा आवाज वाढतो."

यंत्र सूं करायला लागलं. आईनं जरा वेळ कान देऊन ऐकलं.

"हे फुसफुसतंय," ती म्हणाली. "नाग शिरल्यासारखं वाटतं घरात."

"मग कसा आवाज पाहिजे?" शोरूमवाला पेचात.

आई हसली. बऱ्याच दिवसांनी. "आमच्या ह्यांचा पंखा होता खाली, भिंतीत. पीठ बाहेर टाकायचा. दुपारी जेवून मी इथं आडवी व्हायचे. तेवढ्यात दळण संपलं तर गिरणी बंद करायला लागायची, दगड रिकामे फिरवून चालत नाहीत, झिजतात. पण मग हे तो पंखा तेवढा चालू ठेवायचे. एकदम शांत होऊन मी उठू नये म्हणून. स्वतः खाली पेपर वाचत बसायचे. आणि वर आले की विचारायचे, 'झोप झाली का गं? आज दळण फार होतं.'" आईनं नाक पुसलं. "त्यांना वाटायचं मला कळत नाही. मला गिरणी आणि पंख्यातला फरक कळत नाही होय?"

पान्या खाली वाकला. खाटेखाली हात घातला. जुनी चादर, पत्र्याचा डबा, आणि त्यामागे जड, गार, लोखंडी काहीतरी. गिरणी घेणाऱ्यानं सगळं नेलं होतं, हा एक पंखा सोडून. पातं वाकडं आहे, याचं काय करू, म्हणाला होता. पान्यानं कधीतरी लागेल म्हणून ठेवला आणि विसरून गेला.

शोरूमवाल्यानं मडकं उचललं. "हे मी परत नेतो," तो म्हणाला. "पाटी काही उतरवत नाही हां."

पुढचे दोन दिवस पान्या गच्चीत होता. पंख्यावर पिठाचा थर जमून दगड झालेला. तो खरवडला तसा वास आला, गरम पिठाचा. गहू दगडातून उतरताना डब्यात हात घातला की यायचा, तो. बाबांच्या भुवया आठवल्या. त्या कायम पांढऱ्या असायच्या. सुट्टीच्या दिवशी आंघोळ करून आले की भुवया काळ्या दिसायच्या, आणि ताई म्हणायची, "आज बाबा लहान झाले."

मोटारीत तेल घातलं, वायर नवी टाकली, दोन्ही बाजूंना जाळी बसवली. मोठ्या ऑफिसांच्या एसीला लागतात ते बारीक घड्यांचे चार चौकोनी फिल्टर आणले, उभे करून त्यांच्या चार भिंती केल्या. फिल्टरवर छापलेले हवेचे बाण सगळे आतल्या बाजूला. खाली प्लायचा तुकडा, वर पंखा, तोंड छताकडे. फट राहिली की धूळ तिथूनच पळते, म्हणून सगळीकडून चिकटपट्टी. झालं. चार बाजूंनी घाण हवा आत ओढायची, वरून साफ सोडायची.

दिसायला अगदी भंगाराच्या गाडीवरून पडलेलं खोकं.

चालू केलं. घर्र-टक, घर्र-टक, घर्र-टक. त्या वाकड्या पात्याचा टक. पान्यातला मेकॅनिक जागा झाला. त्यानं बटण बंद केलं आणि पाना काढला.

"काय करतोयस?" आई दारात.

"पातं सरळ करतो. खाली रबरही लावतो, म्हणजे थरथरणार नाही."

"खबरदार हात लावलास तर!"

पान्यानं जाळी हलवून बघितली. पातं कुठे लागत नव्हतं. नुसता आवाज होता. त्यानं पाना खिशात घातला.

त्या दुपारी खिडकी बंद, पंखा चालू, आणि आई जी झोपली ती चहाची वेळ टळून गेली तरी उठेना. खाटेशेजारच्या तांब्यातलं पाणी बारीक थरथरत होतं, पूर्वी थरथरायचं तसं. चिमुकलं यंत्र हिरवं. दुसऱ्या दिवशी हिरवं. आठवडाभर हिरवं. डॉक्टरांकडे फुंकलं तेव्हा काटा वर गेला. थोडाच गेला, पण गेला.

पान्यानं हे सगळं ताईला फोनवर सांगायचा प्रयत्न केला. पण मागे पंखा. "काय? कसला खोका? काही ऐकू येत नाही! मी येतेच आहे!"

आणि आली. रविवारी दुपारी, हातात एक मोठी रिकामी बॅग. आईचे कपडे न्यायला. दार उघडलं आणि तिथंच थांबली.

"हे काय? गिरणी लावलीस परत?"

"हवा साफ करायचं यंत्र आहे!"

"मी सगळ्यात कमी आवाजाचं घे म्हटलं होतं!"

"ते घेतलं होतं! त्यानंच सगळा घोळ झाला!"

"ओरडतोस कशाला?"

"तू ओरडतेयस!"

आई खाटेवर कुशीवर झोपलेली. या दोघांच्या ओरडण्यानं तिची पापणी हलली नाही. ताईनं चिमुकल्या यंत्राकडे बघितलं, हिरवं. मग वाकून आईच्या छातीजवळ कान नेला. बराच वेळ तशीच राहिली.

"शिटी?"

"आहे अजून. कमी आहे." पान्यानं सगळं सांगितलं. उघडी खिडकी, शोरूमवाला, बाबांचा पेपर. ताई ऐकत होती. ऐकता ऐकता खाटेच्या कडेला बसली. "तरी पण पान्या, तिकडची हवा म्हणजे... इथं तू दिवसभर बाहेर... मी काय म्हणते..." काय म्हणते ते राहूनच गेलं. प्रवासाचा शीण असेल. आईच्या पायाशी कलंडली, लहानपणी कलंडायची तशी, आणि घर्र-टक, घर्र-टक, तीही झोपली.

पान्या बघत राहिला. एक खाट, दोन माणसं, मध्ये रिकामी बॅग. चहाचं आधण ठेवलं. चहा झाला. आता बोलायला तर हवं, निर्णय तर व्हायला हवा. एवढ्या आवाजात कसा होणार? म्हणून त्यानं बटण बंद केलं.

पंखा फिरत फिरत थांबला. घर गप्प.

ताई ताडकन उठून बसली. डोळे मिटलेलेच. लहानपणी गिरणी मध्येच थांबली की ती अशीच जिन्याकडे तोंड करून ओरडायची. आताही ओरडली.

"बाबाऽ! पट्टा निसटला का?"

आणि मग डोळे उघडले. समोर पान्या, हातात चहाचे कप. खाली चष्म्याच्या दुकानात कुणीतरी हळू आवाजात काहीतरी विचारत होतं, तेसुद्धा ऐकू आलं.

आईनं कूस न बदलता डोळे किलकिले केले.

"पट्टा नाही निसटला," ती म्हणाली. "ह्या पान्यानं बंद केलाय. लाव रे."

ताईनं डोळे पुसले, हसली, परत पुसले. कप घेतला. मग रिकामी बॅग उचलली, चपटी केली आणि खाटेखाली सरकवली. पंखा वर निघाल्यामुळे तिथं बरोबर तेवढी जागा झाली होती.

"लाव ना," ती म्हणाली. "तुला आई काय म्हणतेय ऐकू येत नाही का?"