गरम कोपऱ्यातला पैलवान

या मित्रांनो, जवळ या. हात लावलात तरी चालेल, आता मी गार आहे. एक काळ असा होता की माझ्याजवळ नुसतं तोंड नेलं असतंत तरी भुवया करपल्या असत्या. सरकून बसा, गोष्ट सांगतो. माझीच. चांगला धडधाकट बोल्ट कसा तुटतो, त्याची.

मी एक जुना बोल्ट आहे. पोलादाचा, तुमच्या मनगटाएवढा जाड. शाळेबिळेत गेलो नाही, थेट भट्टीत गेलो. लालबुंद केलं, घणाखाली झोडलं, तेलात बुडवलं, पुन्हा जरा शेकलं, मग अंगावर आटे पाडले. आटे म्हणजे नट ज्यांच्यावरून फिरतो ते चरे. तिथून निघालो तो वीजघरात आलो.

वीजघरात वाफेच्या जोरावर टर्बाइन फिरतं. त्याच्याकडे वाफ सोडणारा एक भला थोरला व्हॉल्व्ह होता. त्याच्या झाकणाला आम्ही सगळे बोल्ट चारी बाजूंनी उभे. आतून वाफ म्हणायची, "मला बाहेर जाऊ दे." आम्ही म्हणायचो, "गप बस तिथंच."

तुम्हाला वाटत असेल, बोल्टाला काय, नुसतं उभं राहायचं! अहो, मी ताणलेला असतो. नट आवळला की मी केसभर लांब होतो आणि परत आखूड व्हायला धडपडतो. त्या धडपडीनंच झाकण दाबून धरलं जातं. म्हणजे मी स्प्रिंगच, फक्त दिसायला ठोंब्या. गार जागी हे वर्षानुवर्षं जमतं. पण सतत विस्तवाशेजारी उभं राहिलं की पोलादसुद्धा हळूहळू सैलावतं. आखूड व्हायची ती ओढच मरत जाते.

मला बसवलं एका फिटरनं. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. हाताचा पक्का, तोंडाचा फटकळ. आणि व्हॉल्व्हशेजारी स्टुलावर बसून प्रेशरच्या काट्यावर नजर ठेवायचा तो त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. दोघांची दिवसभर जुंपलेली.

"भाऊजी, आज ताईनं तुमच्या डब्यात भाजी जास्त भरलीय."

"तुझ्यात भरली असती तर स्टूल मोडलं असतं."

वाफ आत शिरायची त्या बाजूचा कोपरा सगळ्यात जास्त तापायचा. तिथं बोल्ट टिकत नसत. मी टिकलो. मिस्त्री जाम खूश! मला थोपटून म्हणाला, "हा खरा पैलवान!" आणि माझ्या डोक्यावर छिन्नीनं फुली कोरली.

तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली. मशीन बंद करून व्हॉल्व्ह उघडला की बाकीचे बोल्ट टोपलीत जायचे. जुने वाटले तर बदलायचे, नाहीतर मिळेल त्या भोकात परत. मी मात्र वेगळ्या फडक्यावर. मिस्त्री मला रॉकेलनं पुसायचा, वंगण लावायचा आणि पुन्हा त्याच भोकात, त्याच गरम कोपऱ्यात बसवायचा. सगळं प्रेमानं हो! "पैलवानाची लांबी काय मोजायची?" म्हणायचा. मीही छाती फुगवून उभा. दर वेळी नव्यानं ताण बसायचा, आणि आधीचा ताण अंगात मुरलेला असायचाच. मी कायमचा लांबत चाललो होतो. आतून ठिसूळही. वरून मात्र चकचकीत.

एके दिवशी माझ्या बाजूनं बारीक शिट्टी ऐकू आली. वाफ निसटत होती.

"भाऊजी, तुमचा पैलवान शीळ घालतोय," मेहुणा म्हणाला.

"पैलवानाचं नाव घेऊ नकोस. शेजारचे ढिले असतील."

शेजारचे आवळले, शिट्टी थांबेना. मग मिस्त्रीनं पाना माझ्या नटावर चढवला आणि वर घण घातला. शिट्टी बंद झाली. पण पहिल्या आट्याच्या बुडाशी मला कळ आली. तिथं चीर पडली होती. केसासारखी.

पुढचे दिवस, मित्रांनो, मी दात-ओठ खाऊन काढले. समोर स्टुलावर तो गडी बसलेला. मी सुटलो तर माझा भार शेजाऱ्यांवर, ते सुटले की झाकण उडणार आणि वाफ थेट त्याच्या तोंडावर. मनाशी म्हटलं, चीर वाढायची ती वाढू दे, मशीन थांबेपर्यंत मी सोडणार नाही.

शिट्टी परत सुरू झाली. मिस्त्री पाना घेऊन आला.

"अजून एक हिसका देतो. बघ कसा गप होतो."

"भाऊजी, ती शीळ सकाळी वेगळी होती, आता वेगळी आहे. मशीन बंद करा ना."

"तुला भीती वाटते तर स्टूल लांब घे!"

"घेतो. पण तुमचं डोकं तर झाकणावरच आहे. ताईला काय सांगू?"

मिस्त्रीनं पाना लावून जोर दिला. नट फिरला. अगदी सहज फिरला. मिस्त्रीचा हात जागच्या जागी थांबला. आवळताना नट जड व्हायला हवा. हा फिरत होता, पण आवळत नव्हता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग स्टुलाकडे.

"ऊठ तिथून," तो हळूच म्हणाला. "लांब हो आधी. मशीन बंद करायला सांग."

वाफ बंद झाली. व्हॉल्व्ह गार होईपर्यंत मी धरून होतो. मग मिस्त्रीनं पाना उलटा फिरवला, आणि नटासकट माझं अर्धं अंग त्याच्या हातात आलं. तुटलेला भाग बहुतेक काळवंडलेला होता, म्हणजे चीर जुनी. ताजा, चमकणारा भाग नखाएवढा. तेवढ्यावर मी उभा होतो.

मिस्त्री तिथंच खाली बसला. मेहुण्यानं पाणी दिलं, तेव्हा म्हणाला, "ह्याला मी एकदाही मोजलं नाही रे."

आता मी कामाच्या टेबलावर असतो, दोन तुकड्यांत. मिस्त्री गरम कोपऱ्यातला प्रत्येक बोल्ट मोजतो. लांबला असेल तर सरळ भंगारात, कितीही लाडका असो. त्या भोकात तोच बोल्ट तो पुन्हा घालत नाही.

मित्रांनो, एक मागणं आहे. तुमच्या घरातही एखादा पैलवान असेल. कुरकुर न करता सगळ्यात तापलेल्या जागी उभा राहणारा. शाबासकी देऊन त्याला परत तिथंच उभं करू नका. शिट्टी वाजायच्या आधी त्याच्याजवळ जा आणि म्हणा, "सरक, आज इथं मी उभा राहतो."