मस्कतची भाड्याची मोटार

मंगळू मस्कतला जाऊन भाड्याची मोटार चालवून आला, ही बातमी धसईत सगळ्यांना गोड लागली. एकट्या देवरामला सोडून. देवराम अर्धं आयुष्य धसई-मुरबाड जीप हाकत होता. मंगळूला गाडी त्यानंच शिकवली होती, भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात. आणि तो मंगळू मुलाकडे पाहुणा म्हणून गेला आणि ऐटीत फिरून आला. शेजारी बायकोला बसवून.

देवरामची बायको रत्ना जाऊन दुसरं वर्ष लागलं होतं.

मंगळूच्या ओट्यावर मंडळी जमली. मंगळू खजूर वाटत होता. याची फजिती चारचौघांत बाहेर काढायचीच, असं देवराम मनाशी ठरवून आला होता.

"तिकडं स्टेअरिंग डावीकडं ना रे? कुठं ठोकलीस?"

"ठोकतो कशाला? गुरू कोन माझा!"

मंडळी हसली. ते कौतुकही देवरामला झोंबलं. तेवढ्यात मंगळूची बायको भिमी बाहेर आली.

"भावजी, हे काय सांगनार? दाराकडं हातभर जागा सोडून बसले नि सगळा भार माझ्या अंगावर. मी म्हटलं, अहो, तिथं कोन बसनार हाय?"

ओटा हसून हसून हलला. धसईच्या जीपमध्ये ड्रायव्हरच्या पलीकडे, दाराला चिकटून, एक पासिंजर असतोच. देवराम स्वतः अर्ध्या सीटवर बसून गाडी चालवायचा, आणि तसंच त्यानं मंगळूला शिकवलं होतं.

"नि रस्त्याकडंला मानूस दिसला की ब्रेक! एक अरबी म्हातारा बसला की येऊन मागं."

"मग? उनात उभा होता बिचारा," मंगळू म्हणाला. "ही मात्र सारखी कोकलत व्हती. भांडता भांडता समुद्र बघायचाच राह्यला."

दोघं नवरा-बायको डोळे पुसत हसू लागली. देवरामला हवी ती फजिती मिळाली होती. पण त्याचा जीव आणखीच जळला. मस्कत गेलं खड्ड्यात, त्याला ते भांडण हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं मुरबाडला जायला देवरामच्या जीपपाशी आली.

"वयनी, तुमी पुढं बसा. मंगळ्या, तू मागं."

"पुढं दोघांची जागा हाय की रे."

"मास्तर येनार हायेत."

मास्तर कुणी येणार नव्हते. मंगळू पिशवी घेऊन मागे गेला. जीप निघाली, पुढची जागा रिकामीच राहिली. भिमीनं सगळा वेळ मान मागे वळवलेली.

"डोकं आत घ्या. गोळी घेतली का?"

"घेतली गो."

देवरामनं उगाच हॉर्न दाबला. तेवढ्यात वळणावर म्हशी आडव्या आल्या.

"हळू, भावजी, हळू!" भिमी ओरडली.

"अगं, कोनाला शिकवतेस?" मंगळू मागून म्हणाला.

"तू गप रे," देवराम गुरगुरला. "बोलू दे तिला."

त्यानं जीप थांबवली. म्हशी सावकाश पलीकडे गेल्या, रस्ता मोकळा झाला, तरी त्यानं गिअर टाकला नाही. ती आणखी काही बोलेल म्हणून तो थांबला.

भिमी केव्हाच मागे वळली होती.

"अहो, पिशवी मांडीवर घ्या, तुडवतील लोक."